व्हियोलेत्ता घ्यावी का? धास्ती पहिल्या अंकाची, खर्च दुसऱ्या अंकात

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच पट्टीची गायिका, तिशीतली आहे. आजवर सुझाना, नोरीना, अदीना, मुझेत्ता अशा हलक्या आवाजाच्या भूमिका तिने केल्या. आता एका मध्यम आकाराच्या ऑपेरागृहाने तिला व्हर्दीच्या 'ला त्राव्हियाता' या ऑपेरातली व्हियोलेत्ता, म्हणजे क्षयाने मरणाऱ्या पॅरिसच्या गणिकेची मुख्य भूमिका, देऊ केली आहे. एजंट म्हणतो, अशी संधी सोडायची नसते. गुरू म्हणतात, थोडं थांब. तिचं स्वतःचं म्हणणं असं की पहिल्या अंकाच्या शेवटचा वरचा ई फ्लॅट हा अतिउंच सूर हुकमी लागतो, ताना स्वच्छ जातात, मग अडचण कुठे आहे? आणि भूमिका घेतलीच तर तयारी कशी करायची?

मी ही भूमिका बरीच वर्षं गायले आणि आता इतरांकडून तयार करून घेते. त्यामुळे आधीच सांगते: ई फ्लॅट लागतो हे उत्तमच, पण त्यावरून हा निर्णय करता येत नाही. निर्णय करायचा तो दुसऱ्या अंकात प्रियकर अल्फ्रेदोचे वडील जेर्मों यांच्याबरोबर जे लांबलचक द्वंद्वगीत आहे, त्यावरून. ते गाऊन झाल्यावर तुमच्या आवाजात काय उरतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो कसा लागतो, एवढं कळलं की एजंटलाही उत्तर मिळेल आणि गुरूंनाही.

या भूमिकेला तीन आवाज लागतात, असं एक वाक्य सगळेच फेकतात. पहिल्या अंकाला तानांचा, दुसऱ्याला भरदार, तिसऱ्याला भावपूर्ण. ऐकायला छान आहे, पण शिकणाऱ्याची दिशाभूल करतं. गळा एकच असतो आणि तो त्या रात्री क्रमाने खर्च होत जातो. पहिला अंक साधारण अर्ध्या तासाचा, दुसरा त्याच्या दुप्पट, तिसरा पुन्हा अर्ध्या तासाच्या आसपास. व्हियोलेत्ता यातला बहुतेक वेळ रंगमंचावरच असते. तेव्हा तीन आवाज कुठून आणू ही चिंता सोडा. एकच आवाज तीन अंकांत कसा वाटून द्यायचा, याचा विचार करा.

दुसऱ्या अंकात पाणी कुठे मुरतं हे समजायला थोडं ध्वनिशास्त्र पाहू. सोप्रानो वरचा सी गाते तेव्हा स्वरपट्ट्या सेकंदाला सुमारे १०४७ वेळा कंप पावतात. ई फ्लॅटला सुमारे १२४५ वेळा. तिथे ऑर्केस्ट्राची फारशी गर्दी नसते, त्यामुळे सूर नीट लागला की तो आपसूक शेवटच्या रांगेपर्यंत जातो. मधल्या पट्टीची गोष्ट वेगळी. साधारण ३३० ते ६६० कंपनांचा तो टप्पा, आणि ऑर्केस्ट्राचा सर्वांत दाट आवाज नेमका ५०० च्या आसपास असतो. म्हणजे तुमचा मधला आवाज आणि ऑर्केस्ट्रा एकाच जागेसाठी भांडतात. हलक्या भूमिकांत हे फार जाणवत नाही. मोझार्ट आणि दोनिझेत्ती तिथे वाद्यं आवरती घेतात, आणि विनोदी प्रसंगात शब्द चटपटीत असले की निभावून जातं. जेर्मोंच्या प्रवेशात मात्र तुम्हाला वीस मिनिटांच्या आसपास त्याच टप्प्यात हळू, तुटक, सलग, आक्रोशून, पुन्हा हळू असं सगळं करावं लागतं, तेही समोर धिप्पाड बॅरिटोन (भारदस्त आवाजाचा पुरुष गायक) उभा असताना. इथे ज्यांचा मधला आवाज तयार नसतो त्या नकळत छातीतून जोर लावतात. त्या रात्री टाळ्या पडतात. किंमत दोन-तीन हंगामांनी मोजावी लागते. आधी वरचे हळू सूर जातात, मग तुमचा तो ई फ्लॅट.

हा माझा एकटीचा ग्रह नाही, या ऑपेराचा इतिहासही त्याच बाजूला झुकतो. ६ मार्च १८५३ ला व्हेनिसच्या ला फेनिचेमध्ये पहिला प्रयोग झाला आणि पडला. दुसऱ्या दिवशी व्हर्दीने पत्रात लिहिलं की काल 'त्राव्हियाता' सपशेल पडली, दोष माझा की गायकांचा हे काळच ठरवेल. पहिली व्हियोलेत्ता फान्नी साल्व्हिनी-दोनातेल्ली. ती अंगाने भारी होती, आणि क्षयाने झिजून मरणारी तरुणी म्हणून प्रेक्षकांना ती पटेना, शेवटच्या अंकात हशा पिकला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कमी सांगितलं जातं ते हे, की पहिल्या अंकात तिला भरघोस टाळ्या मिळाल्या होत्या. ताना तिच्याकडे होत्या. पुढच्या वर्षी, मे १८५४ मध्ये, त्याच शहरातल्या सान बेनेदेत्तो नाट्यगृहात मारिया स्पेत्सियाला घेऊन प्रयोग झाला आणि गाजला. मधल्या काळात व्हर्दीने स्वरलेखनात जे बदल केले ते दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकात, आणि त्यात हे जेर्मोंबरोबरचं द्वंद्वगीतही होतं. पहिल्या अंकाला हात लावायची गरज त्याला वाटली नाही.

आता त्या प्रवेशातली एकच जागा जवळून पाहू: 'दीते आला जोव्हिने'. जेर्मोंने मागणी पुढे केली आहे: माझ्या मुलाला सोड, नाहीतर माझ्या मुलीचं लग्न मोडेल. त्याआधी व्हियोलेत्ता 'नॉन सापेते' मध्ये धापा टाकत, तुकड्यातुकड्यांत विनवण्या करून थकली आहे. मग ती हरते. एक लांब 'आह' येतो, जवळपास एकटा, आणि त्यातून ही ओळ सुरू होते. स्वर मधलेच, लय सहा-आठची संथ, वाद्यं अगदी पातळ. कागदावर इतकी सोपी ओळ अख्ख्या ऑपेरात नसेल. घोडं अडतं ते तीन ठिकाणी. एक, नुकत्याच झालेल्या धावपळीनंतर श्वास छातीत वर चढलेला असतो आणि तो खाली आणायला वेळ नसतो. दोन, रडू येतं. खरंखुरं येतं, आणि रडताना स्वरयंत्र वर सरकतं, घसा आवळतो. मग तो 'आह' थरथरत सुरू होतो आणि पुढची सगळी ओळ त्या थरथरीची शिकार होते. तीन, इतकं हळू गाताना हवा जास्त सोडायचा मोह होतो. कुजबुजल्यासारखा आवाज करुण वाटतो खरा, पण दहाव्या रांगेच्या पुढे जात नाही आणि स्वरपट्ट्या कोरड्या पाडतो.

मी शिकवताना ही ओळ आधी नुसती बोलून घेते, लयीत, इटालियन स्वरांची लांबी सांभाळून. मग ओठ फडफडवत, मग फक्त 'ऊ' वर, मग शब्दांसह. 'ऊ' वर जी सलगता मिळते तीच शब्दांत राहिली पाहिजे. व्यंजनं आली म्हणून धागा तुटता कामा नये. 'आह' च्या आधी थांबायची मुभा असते. कंडक्टरशी आधीच बोलून ठेवा आणि तेवढ्यात पोट सैल सोडून श्वास खाली जाऊ द्या. प्रेक्षकाला ती शांतता व्हियोलेत्ताची वाटते, तुमच्यासाठी ती दुरुस्तीची वेळ असते. आणि रडायचं असेल तेवढं तालमीच्या पहिल्या आठवड्यांत रडून घ्या. माझ्या मते भावना मनात दाबण्यापेक्षा हा मार्ग बरा. शरीराला तो प्रसंग परका राहत नाही, मग प्रयोगात ते घसा आवळत नाही.

तर परीक्षा अशी घ्या. पियानोवादक बोलवा आणि पहिला अंक पूर्ण, त्यापाठोपाठ दुसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश 'आमामि, आल्फ्रेदो' या निरोपाच्या ओळीपर्यंत, पूर्ण आवाजात, नाटकात जेवढी विश्रांती आहे तेवढीच घेऊन गा. एकदा नाही; एक दिवस सोडून एक असं तीनदा. दर वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी, बोलायला सुरुवात केल्यावर पण गळा तापवायच्या आधी, एखादी साधी ओळखीची ओळ अगदी हळू आणि वरच्या पट्टीत गाऊन पाहा. सूर लगेच लागला तर ठीक. आधी हवा आणि मग सूर, किंवा मध्येच सूर गायब, असं झालं तर स्वरपट्ट्यांवर सूज आहे. मोठ्या आवाजात ती लपते, हळू आवाजात लपत नाही. तिन्ही सकाळी हळू सूर जागेवर असेल तर भूमिका तुमची आहे, मग गुरू काहीही म्हणोत. तिसऱ्या सकाळपर्यंत तो खाली खाली सरकत गेला असेल तर गुरूंचं ऐका. वर्षभराने पुन्हा पाहा. मधली पट्टी हळूहळू भरते, घाईने भरत नाही. तोवर 'ला बोहेम'ची मिमी किंवा मोझार्टच्या 'फिगारो'मधली काउंटेस अशा भूमिका त्या दृष्टीने फार उपयोगी पडतात.

परीक्षा पास झालात असं धरून पुढे लिहिते.

शिकण्याचा क्रम उलटा ठेवा: तिसरा अंक, मग दुसरा, पहिल्या अंकाच्या अखेरची 'सेम्प्रे लीबेरा' सगळ्यात शेवटी. बहुतेक जणींनी ती आरिया (एकल गीत) शिकत असतानाच स्पर्धांसाठी बसवलेली असते, आणि स्पर्धेत ती संपली की काम संपतं. त्यामुळे शरीराने ती सर्वस्व पणाला लावून गायची सवय लावून घेतलेली असते. ती सवय मोडायची तर तिच्यापुढचं सगळं आधी अंगवळणी पडलेलं हवं. मृत्यूच्या अंकापासून सुरू केल्याचा दुसरा फायदा संगीताचा आहे. ऑपेराची प्रस्तावनाच तिसऱ्या अंकाच्या सुरावटीने उघडते; म्हणजे पडदा वर जायच्या आधीच व्हर्दीने शेवट ऐकवून ठेवला आहे. पहिल्या अंकातली मेजवानी कशी गायची हे शेवट माहीत असलेल्या बाईला लवकर उमगतं.

पहिल्या अंकाबद्दल मोजकंच सांगते, कारण त्यावर सगळेच बोलतात. मेजवानीचा समूह निरोप घेतो तेव्हा तुम्हाला गायला फार काही नसतं. तिथे हसत, हात हलवत उभं राहण्यापेक्षा पाठ प्रेक्षकांकडे करायची सोय दिग्दर्शकाकडून मागून घ्या आणि दोन खोल श्वास घ्या. 'जोईर' या शब्दावरच्या ताना डी फ्लॅटपर्यंत चढतात आणि त्या लिहिलेल्या आहेत, टाळता येत नाहीत. त्या वर जाताना नव्हे, खाली उतरताना बिघडतात, म्हणून रियाज उतरत्या बाजूचा करा. पडद्यामागून अल्फ्रेदोचा आवाज येतो ती मापं (स्वरलिपीतले लयीचे खंड) देवाने पाठवलेली समजा. तिथे अभिनयाच्या नावाखाली खोलीभर धावणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. पुढच्या फेरीत त्यांचा दमसास संपलेला असतो.

आणि तो ई फ्लॅट. व्हर्दीने तो लिहिलेला नाही. प्रथा म्हणून गातात आणि प्रेक्षक वाट पाहत बसतात. रिक्कार्दो मुतींसारखे कंडक्टर लिहिलेलं सोडून वरचे सूर घेऊच देत नाहीत, त्यामुळे आधी तिथलं धोरण विचारा. मोकळीक असेल तर माझा नियम साधा आहे: तालमीच्या खोलीत एफ आरामात लागत असेल, आणि पूर्ण पोशाखात, पूर्ण अंक गाऊन झाल्यावरही ई फ्लॅट न घाबरता लागत असेल, तरच घ्या. ज्या संध्याकाळी शंका असेल त्या संध्याकाळी सोडा. कंडक्टरशी एखादी खूण ठरवून ठेवा. दुसऱ्या मध्यंतरापर्यंत तो सूर कोणाच्या लक्षात नसतो. फक्त पहिल्या मध्यंतरात चर्चा होते, आणि ती तुमच्या कानावर पडणार नाही.

आता झगमगाट. या भूमिकेचं आकर्षण त्यात आहे हे कबूल करायला लाजू नये. पॅरिसची सर्वांत मागणी असलेली सुंदरी, दिवाणखाना, दागिने, शॅम्पेन. तिच्या मागची खरी बाई मारी द्युप्लेसी १८४७ मध्ये २३ व्या वर्षी क्षयाने गेली. धाकट्या द्युमाने तिच्यावरून १८४८ ची कादंबरी आणि मग १८५२ चं नाटक केलं, तिथून हे ऑपेरात आलं. पण रंगमंचावर झगमगाट ही शोभा नसते, ते अंगावरचं वजन असतं आणि त्याचा हिशेब श्वासात होतो.

कॉर्सेटपासून सुरुवात करा. मापं घेताना शिंपी नकळत तुम्हाला पोट आत घ्यायला लावतात. तसं करू नका. पूर्ण श्वास घेऊन, बरगड्या बाजूला आणि पाठीत फुललेल्या असताना माप द्या, आणि नाडीच्या जागी थोडं लवचिक कापड मागा. चांगल्या पोशाख विभागाला हे नवीन नसतं. तालमीचं कॉर्सेट पहिल्या आठवड्यापासून हवं, फक्त रंगीत तालमीला नव्हे. उलट, नीट बसलेलं कॉर्सेट मदतही करतं: बरगड्या त्याला टेकतात आणि श्वास कुठे जातोय ते कळतं. दुसऱ्या अंकात घरगुती पोशाखात अचानक ते निघून जातं तेव्हा पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटतं, म्हणून दोन्ही अवस्थांत सराव हवा.

बुटांचंही तेच. टाच जितकी उंच तितकी कंबर पुढे कलते आणि पाठीचा खालचा भाग आवळतो, जिथे लांब ओळींना आधार हवा असतो. २८ मे १९५५ ला मिलानच्या ला स्कालामध्ये लुकिनो व्हिस्कोंतींनी मारिया कॅलासला घेऊन जी 'त्राव्हियाता' केली, कंडक्टर जुलिनी होते, तिच्यात मेजवानी संपल्यावर कॅलास बूट भिरकावून देते आणि मग 'सेम्प्रे लीबेरा'ला भिडते. त्या काळी काही लोकांना ते असभ्य वाटलं. पाहुणे गेल्यावर बाई बूट काढतेच, त्यामुळे पात्राला ते शोभलं. एक गायिका म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: सर्वांत अवघड पानं ती सपाट पावलांवर गायली. तुमच्या दिग्दर्शकाला हे कारण सांगू नका, पहिलं सांगा.

प्रत्येक दिग्दर्शक तुमच्या सौंदर्याचा वापर वेगळ्या तऱ्हेने करेल. २००५ मध्ये साल्झबुर्गला विली डेकर यांनी सगळं फर्निचर काढून टाकलं. आना नेत्रेब्को लाल पोशाखात, मागे प्रचंड घड्याळ, आणि पुरुषांचा घोळका तिला लाल सोफ्यासकट उचलतो. डोळ्यांना भन्नाट. तसं काही तुमच्या वाट्याला आलं तर पहिल्याच तालमीत विचारा: कुठल्या मापाला उचलणार, कुठल्या मापाला खाली ठेवणार, आणि खाली आल्यापासून पुढच्या सुरापर्यंत किती वेळ? उत्तर कमी वेळाचं असेल तर नम्रपणे पण तिथल्या तिथे सांगा. दोन आठवड्यांनी सांगितलं की ते नखरे ठरतात.

शॅम्पेनचा पेला रिकामा किंवा पाण्याचा असावा. फेसाळ पेय तोंडात घेऊन लगेच गाऊ नका. ढेकर कुठल्या मापाला येईल याचा भरवसा नाही. लांब हातमोजे, पंखा, पेला आणि कडेला अल्फ्रेदो, इतकं हातात असताना ब्रिंदिसी, म्हणजे पहिल्या अंकातलं पेल्याचं गाणं, गायची तर वस्तू तालमीत पहिल्यापासून खऱ्या मागा.

दुसऱ्या अंकात 'आमामि, आल्फ्रेदो' झाल्यावर तुम्ही बाहेर पडता आणि बॅरिटोन-टेनरचा, म्हणजे जेर्मों-अल्फ्रेदोचा, प्रवेश सुरू होतो. ही रात्रीतली सर्वांत मोठी विश्रांती, पण त्यातच मैत्रीण फ्लोराच्या मेजवानीचा पोशाख चढवायचा असतो. कपडे चढवणाऱ्या ताईंशी गप्पा मारायच्या नाहीत हे मी कडकपणे पाळत असे. बोलणं गाण्यापेक्षा जास्त थकवतं. फ्लोराच्या घरी जुगाराच्या टेबलावरून तुमची ती तीनदा येणारी विनवणी लांब कमानीसारखी तरंगली पाहिजे. आणि अल्फ्रेदोने पैसे अंगावर फेकल्यानंतर समूहगान सुरू असताना तुमचा प्रवेश क्षीण आवाजात आहे. एवढ्या मोठ्या घोळक्यात हळू सुरुवात करायला धैर्य लागतं. गर्दीला मागे टाकायचा मोह होईल, पण ती ओळ ऐकू यावी म्हणून बाकीच्यांना गप्प करणं हे कंडक्टरचं काम आहे, तुमचं नाही.

तिसऱ्या अंकात दोन धोके. पहिला खोकला. खराखुरा खोकायचं नाही. स्वरपट्ट्या एकमेकींवर आपटण्याचा याहून वाईट प्रकार नाही, आणि तालमी धरून तुम्ही महिना-दीड महिना तो करणार. त्याऐवजी जोरात पण आवाजाविना उच्छ्वास, खांद्यांचा झटका, रुमाल तोंडाशी. गळा उघडाच ठेवायचा. खरं तर खोकल्यापेक्षा खोकला येईल या भीतीने मध्येच थांबणारी बाई जास्त आजारी दिसते. दुसरा धोका झोपून गाण्याचा. पाठीवर सपाट झोपलात तर मान मागे कलते. एक कुशी, डोकं थोडं वर, आणि गादी कडक मागा. मऊ गादीत पाठीच्या बरगड्या अडकतात.

'आद्दीओ देल पासातो' च्या अखेरीस वरचा ए आहे आणि तिथे व्हर्दीची सूचना आवाजाच्या एका धाग्याची आहे. सेकंदाला ८८० कंपनं, पण दोऱ्याएवढा आवाज. हा सूर हवा कमी करून मिळत नाही. आधी त्याच जागी भरलेला सूर साधा, मग तोच सूर हळूहळू पातळ करत न्या. आधार तेवढाच, आवाज कमी. तो कधी किंचित चिरला तरी चालेल. ई फ्लॅट चिरलेला खपत नाही, हा खपतो. या आरियाचं दुसरं कडवं बऱ्याच ठिकाणी गाळतात. तुमच्याकडे ते ठेवणार आहेत का, हे आधी विचारा, कारण त्यामागून येणारं अल्फ्रेदोबरोबरचं अर्ध्या आवाजातलं द्वंद्वगीत आणि त्याला लागून येणारा 'ग्रान दिओ'चा आक्रोश यांसाठी किती शिल्लक ठेवायचं ते त्यावर ठरतं. 'ग्रान दिओ' मध्ये मात्र हातचं राखू नका. सगळा अंक हळू गायलात ते याच पानासाठी.

तिसऱ्या अंकात जेर्मोंच्या पत्राचा उतारा बोलायचा असतो, खालून वाद्यं प्रेमाची सुरावट वाजवत असतात. गायिका इथे हमखास नाटकी होतात. मी म्हणते, पत्र तिने इतक्या वेळा वाचलं आहे की तिला ते पाठ आहे, तसं वाचा.

तालमीबद्दल. रंगमंचावरच्या तालमींत अर्ध्या आवाजात किंवा सप्तक खाली गायचा हक्क तुम्हाला आहे, पण पहिल्या दिवशीच कंडक्टरला सांगा की कुठल्या तालमींत पूर्ण गाणार. ऑर्केस्ट्राबरोबरच्या पहिल्या बैठकीत पूर्ण गाच, कारण मधल्या पट्टीत तुम्ही ऐकू येता की नाही हे तिथेच कळतं. विश्वासातलं माणूस सभागृहात मागे बसवा आणि त्याला वरच्या सुरांबद्दल नाही, 'दीते आला जोव्हिने' बद्दल विचारा. शेवटची रंगीत तालीम आणि पहिला प्रयोग यांत किमान एक पूर्ण रिकामा दिवस, आणि दोन प्रयोगांत दोन दिवस, हे करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासन म्हणजे काहीच नाही. वेळापत्रक बदललं की पहिला बळी तुमचा विश्रांतीचा दिवस.

जमलं तर त्याआधी दुसऱ्या एखाद्या गृहात हीच भूमिका कव्हर, म्हणजे मुख्य गायिकेची राखीव, म्हणून करा. पैसे कमी, प्रसिद्धी नाही, पण दुसरीला रोज गाताना पाहत, आपला घसा न झिजवता अख्खी भूमिका पचवता येते.

आणखी एक, कारण तुमच्यासारख्या आवाजाशी त्याचा थेट संबंध आहे. १९६४ मध्ये ला स्कालात कंडक्टर कारायान यांनी मिरेल्ला फ्रेनीला व्हियोलेत्ता दिली. तिशीच्या आतली, लोकांची लाडकी, हलक्या आणि भावपूर्ण भूमिकांत वाखाणलेली गायिका. प्रेक्षागृहातून तिची हुर्यो उडवली गेली आणि तिच्या जागी दुसरी गायिका उभी करावी लागली. त्यानंतर १९९० पर्यंत ला स्कालाने 'त्राव्हियाता' केलीच नाही. फ्रेनी त्यानंतरही दशकानुदशकं जगातल्या उत्तम सोप्रानोंत गणली गेली, तेव्हा तिच्या आवाजात खोट होती असं कोणी म्हणणार नाही. त्या सभागृहात अजून कॅलासची आठवण ताजी होती. म्हणून पहिली व्हियोलेत्ता कुठे गाता याला महत्त्व आहे. मध्यम आकाराचं गृह, ऑर्केस्ट्राला आवरणारा कंडक्टर, आणि ज्या शहरात मागच्या दोन-तीन हंगामांत कोणी हीच भूमिका गाजवलेली नाही, अशी जागा पहिल्या वेळेला योग्य. तुम्हाला आलेला प्रस्ताव या बाबतीत चांगला वाटतो.

तेव्हा एजंटला आजच हो किंवा नाही कळवू नका. तीन आठवडे मागून घ्या. कुठलंही शहाणं ऑपेरागृह व्हियोलेत्तासाठी तेवढं थांबतं. त्यात वर सांगितलेल्या तीन सकाळी पाहा. दरम्यान एजंटकडून लेखी उत्तरं मागवा: कंडक्टर कोण, किती प्रयोग आणि मध्ये किती दिवस, कुठली कडवी ठेवणार, ई फ्लॅटबद्दल धोरण काय, दुसऱ्या गायिकेची जोडी आहे का. ही उत्तरं आणि तिसऱ्या सकाळचा सूर घेऊन गुरूंकडे जा आणि त्यांच्यासमोर जेर्मोंचा प्रवेश गाऊन दाखवा, 'सेम्प्रे लीबेरा' नको.